एका नावाचे दोन शिपाई

मिरज

रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून मी तेहतीस वर्षं काढली. तेव्हापासून सवय लागली ती लागलीच. समोरचा माणूस बोलू लागला की मी त्याच्या शब्दांकडे कमी आणि हातांकडे जास्त बघते. पाकीट घरी राहिलं, सासू दवाखान्यात आहे, आत्ताच पुढच्या डब्यात दुसऱ्या साहेबांनी बघितलं, हे सगळं मी इतक्यांदा ऐकलंय की खरं बोलणारा माणूसही मला आधी खोटाच वाटतो. माझी सून म्हणते, आई भाजीवालीशीसुद्धा उलटतपासणी घेतल्यासारख्या बोलतात. असेल.

म्हणूनच बहुधा कदमांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं. कदम म्हणजे आमचे निवृत्त स्टेशन मास्तर. मिरजेत आम्हा निवृत्त रेल्वेवाल्यांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा जमायचं, रक्तदाबाच्या गोळ्यांची तुलना करायची आणि घरी जायचं, इतकाच त्याचा व्याप. पण गेल्या वर्षी कोणीतरी विषय काढला की दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या रेल्वे पलटणींमध्ये आपल्या सातारा-सांगलीकडची पुष्कळ माणसं होती, त्यांच्या नावांचा एक फलक लावू.

लढाई म्हटली की लोकांना बंदूक दिसते. पण सैन्याचा दारूगोळा, धान्य, पाणी, जखमी माणसं हे सगळं कोणीतरी ओढून न्यावं लागतं. त्यासाठी या पलटणी होत्या. त्यांतली माणसं रूळ टाकायची, खडी भरायची, इंजिनात कोळसा घालायची. इराक, इराण, ब्रह्मदेशची सीमा, जिकडे पाठवलं तिकडे गेली. जी परत आली ती पुन्हा गँगमध्ये नाहीतर शेतात कामाला लागली. गावानं त्यांना धड फौजीही म्हटलं नाही, कारण त्यांच्या हातात बंदुकीऐवजी पहार होती.

आम्ही सगळीकडे निरोप पाठवले, आणि घराघरांतून कागद, फोटो येऊ लागले. त्यात एक घोटाळा निघाला. माण तालुक्यातल्या एका वाडीतून सैन्यातून सुटल्याच्या दाखल्याचा फोटो आला. नाव सिदू बिरा विरकर, इराक-इराणात चार वर्षं सेवा. त्याच आठवड्यात शिराळ्याकडून एक पत्र आलं. लिहिणारे शंकर जाधव, निवृत्त प्राथमिक शिक्षक. 'माझे वडील गणपत जाधव लढाईच्या काळात इराणात रेल्वे पलटणीत होते. कागद एकही नाही. फोटो आहे.' फोटोत छोट्या इंजिनाशेजारी एक बुटका, छाती पुढे काढलेला जवान उभा होता, हात पाठीमागे बांधलेले. आणि फोटोच्या मागे शाईनं एक शिपाई नंबर लिहिला होता. तो नंबर आणि विरकरांच्या दाखल्यावरचा नंबर तंतोतंत एक.

"दोघांतलं एक घर खोटं बोलतंय," कदम म्हणाले. "तुम्ही जाऊन या. एकाला दुसऱ्याचं काही कळू देऊ नका."

माझा तर कदमांवरही थोडा संशय होता. स्वतःला एवढा प्रवास नको म्हणून माझ्या चौकसपणाचं कौतुक करत असावेत. पण मी गेले.

माणदेश

संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळची एसटी. तासगावपर्यंत द्राक्षांच्या बागा, विट्यापर्यंत कुठे ऊस, कुठे ज्वारी, आणि मायणी मागे पडल्यावर जमीन एकदम हात आखडता घेते. माळ, बाभळी, मध्येच डाळिंबाची एखादी ठिबकवर जगवलेली बाग, आणि पठाराच्या कडेनं फिरणाऱ्या पवनचक्क्या. आमच्या मिरजेकडे पावसाळ्यात पाणी घरात शिरेल म्हणून झोप लागत नाही. इथे शेजारच्या बाईनं पायाशी पाण्याचा मोठा कॅन धरला होता, लेकीच्या घरी न्यायला.

दहिवडीहून पुढे वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप. वाडीचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. फाट्यावर उतरले तर समोर सिमेंटची कमान. तिच्यावर लाल अक्षरांत 'लढवय्ये सिदू बिरा विरकर प्रवेशद्वार'. वाडी निम्मी रिकामी. मेंढरं घेऊन माणसं खाली कराडच्या अंगाला गेलेली, ती आता पावसाच्या तोंडालाच परतणार.

सिदू विरकरांचा नातू अशोक, पन्नाशीचा, दारातनं बाहेर येताना मान वाकवूनच आला इतका उंच. त्यानं मला खाट दिली, पाणी दिलं आणि मग विचारलं, "पवनचक्कीवाल्या हाय काय तुमी? जमिनीपायी आलाय?"

"नाही. मिरजेहून आलेय. तुम्ही दाखल्याचा फोटो पाठवला होता ना?"

"फोटू पाठवला की. मग माणूस कशाला पाठवलं?"

"मूळ कागद बघायचा असतो."

"कशापायी? आमी खोटं पाठवलं म्हनता काय?" त्यानं माझं आधारकार्ड मागितलं. ते उलटसुलट बघितलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला, कदमांना फोन लावून माझा रंग, चष्मा, उंची यांची खातरजमा केली. मला त्याचा राग आला नाही. मी असते तर हेच केलं असतं.

चहा आला, शेळीच्या दुधाचा, गुळाचा. त्याबरोबर लोखंडी पेटीतून दाखला आणि कापडात गुंडाळलेलं पदक आलं. दाखला इंग्रजीत होता. वरचा मजकूर सगळ्यांनाच वाचता येतो, नाव, नंबर, सेवा. पण खाली, पाठवलेल्या फोटोत न उमटलेल्या बारीक अक्षरांत, सुटतेवेळचं वर्णन होतं. उंची पाच फूट एक इंच. डाव्या भुवईवर जखमेचा वण. उजव्या हाताच्या करंगळीचं टोक नाही.

मी कागद खाली ठेवला आणि भिंतीकडे बघितलं. सिदू विरकरांचा म्हातारपणचा मोठा फोटो, हार घातलेला. खाटेवर बसलेला माणूस, पण बसूनही खाटेपेक्षा मोठा वाटणारा. दोन्ही हात काठीवर ठेवलेले. मी चष्मा पुसायचं निमित्त करून जवळ गेले आणि बोटं मोजली. दहाच्या दहा, नखांसकट.

अशोक मागून म्हणाला, "काय बघताय?"

"छान आलाय फोटो," मी म्हणाले.

माझ्या मनात सगळं जुळलं होतं. हा कागद या माणसाचा नाही. कुठल्यातरी जुन्या बाजारातून मिळवला असेल, नाहीतर कुणाचा तरी ढापला असेल, आणि त्यावर कमान उभी केली. दुसऱ्याच्या तिकिटावर प्रवास करणारे मी हजारो पाहिले होते, पण कमानीपर्यंत पोचलेला हा पहिलाच. मी दाखल्याचे दोन फोटो काढले, आभार मानले आणि फाट्याकडे निघाले. मंडळात हे कसं सांगायचं, याची वाक्यंसुद्धा मी मनात बांधायला घेतली होती.

हिराबाई

मग बाभळीचा काटा चप्पल फोडून टाचेत गेला. मी लंगडत शेवटच्या घराच्या ओट्यावर टेकले. दोन पत्र्यांचं घर, दारात एक करडू. आतनं एक म्हातारी आली. ऐंशी ओलांडलेली, ताठ, कपाळावर गोंदण.

"काटा काय? आन पाय हिकडं." तिनं डोरल्याशी अडकवलेली टाचणपिन काढली आणि माझी टाच मांडीवर घेतली. "फौजीच्या घरनं आलीस न्हवं? मी सिदूचीच लेक. हिरा. अशोक्याची आत्ती. दिलं बी हितंच, मामाच्या घरात."

मी सावध झाले. हिला अशोकनंच पुढे धाडलं असेल, मी काय टिपून नेतेय ते काढून घ्यायला. तिनं काटा काढून माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "त्या कागदात काय लिवलंय गं? नुसतं वरचं सांगत्यात समदी. खालचं कुनी वाचून दावत न्हाई."

"खालचं म्हणजे?"

"बारीक अक्षार हाय न्हवं खाली. त्ये."

माझ्याकडे फोटो होता. न वाचण्याला कारण सापडेना. मी मराठीत करून सांगितलं. उंची, वण, करंगळी.

तिनं करडाला जवळ ओढलं. "माझा बा दारातनं वाकून यायचा," ती म्हणाली. मग, "आन किती वर्सं लिवल्यात?"

"चार. पूर्ण चार वर्षं देशाबाहेर."

"मी त्या चार वर्सांतली. लढाई चालू व्हती तवाची." तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "मग मी कुनाची, सांग बरं?"

ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "तू न्हाई इचारलंस. गाव आजून इचारतंय. नवरा लढाईवर आन हिच्या पदरात पोर कुठनं आलं? माझी आई, सगुणा तिचं नाव, पान्याला जायाची तर बाया हंडा बाजूला घ्यायच्या. माझ्या लग्नाला मामाशिवाय कुनी तयार झालं न्हाई."

"मग खरं काय?"

"खरं काय? बा गेलाच न्हवता."

तिनं सांगितलं ते असं. सिदू विरकर आणि शिराळ्याकडचा एक गडी, दोघं रेल्वेच्या एकाच गँगला होते. भरती आली तेव्हा दोघं साताऱ्याला गेले. सिदूला घेतलं, नाव लिहिलं, अंगठा घेतला. दुसऱ्याला छाती भरत नाही म्हणून परत पाठवला. पुढे आठ दिवसांनी गाडीत बसायचं होतं. तेवढ्यात कोणीतरी सिदूला सांगितलं की पुढं बोटीतनं जायचं, महिनाभर जमीन दिसत नाही.

"पान्याला भ्याला माझा बा. ह्या मुलखातला मानूस, त्यानं आयुक्शात हिरीपेक्षा मोठं पानी बघितलं न्हवतं. लढाईला न्हाई भ्याला, पान्याला. बसला रडत. तवा त्यो दुसरा म्हनला, तुझं नाव दे मला, मी जातो. मला जायाचंच हाय. आन गेला. बा त्याच्या मामाच्या मेंढरांत गेला, पार घाटाखाली. वर्सातनं दोनदा येऊन जायाचा, कुनाला कळू न देता."

"त्या दुसऱ्याचं नाव काय?"

"गणपा."

मी तिला शिराळ्याचं पत्र सांगितलं नव्हतं. वाडीत कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी माझ्यातली तपासनीस गप्प बसली नाही. कदमांनी अशोकला फोनवर काही बोलून टाकलं नसेल कशावरून? आईचं नाव धुऊन काढायला लेकीनं ही गोष्ट रचली नसेल कशावरून? गोष्ट फार चांगली होती, आणि फार चांगल्या गोष्टींनी मला नोकरीत सर्वांत जास्त फसवलंय.

"लढाई संपल्यावर तुमच्या वडिलांनी का नाही सांगितलं?"

"आदी भ्याला. सरकारनं दोगांबी धरलं असतं, ह्याला पळाला म्हनून, त्याला नाव चोरलं म्हनून. गणपा येऊन कागद आन बिल्ला देऊन गेला, तुझ्या नावाचं हाय म्हनला, माझ्या घरात सापडलं तर मी आत जाईन. मग पुढं भ्या गेलं, पर तवर मान आलता. झेंड्याला पयला मान सिदूचा. त्यो कुनाला सोडवतोय?" तिनं पिन परत डोरल्याला अडकवली. "आईला कदी वाकडं बोलला न्हाई गं. पर चावडीत कुनी तिला बोललं तर खाली मान घालून बसायचा. त्येचाच राग हाय मला. आजून हाय."

शेवटचं वडाप कधीच गेलं होतं. मी तिच्याकडेच राहिले. जेवायला बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. आमच्याकडे हुलगे बैलाला घालतात, असं मी बोलून गेले. "मग आज बैलाचं खा," ती म्हणाली, आणि वाटी परत भरली.

वाटेवर

सकाळी मी तिला शिराळ्याच्या पत्राचं सांगितलं. कदमांना दिलेला शब्द मोडला. ती उठली, ट्रंकेतून धुतलेलं लुगडं काढलं आणि म्हणाली, "मी येते."

अशोक आला तो तणतणतच. सगळं त्याच्या कानावर गेलं होतं. ही बातमी मात्र त्याला नवी नव्हती असं मला वाटलं. चेहरा रागावलेला होता, चकित झालेला नव्हता.

"आत्ती, आज्याच्या नावावर कमान हाय! शाळंतली पोरं सलामी देत्यात. ह्या बाईचं ऐकून गावात तोंड काळं करतीस व्हय?"

"तुझ्या आजीला गावानं काय काय म्हनलं, त्ये कमानीवर न्हाई लिवलंस."

"मेलेल्या मानसांचं उकरून काय भेटनार हाय?"

"मी कुठं मेले?" हिराबाई म्हणाली.

तो पाय आपटत गेला. अर्ध्या तासानं त्याची बोलेरो दारात उभी राहिली. "एस्टीनं कुठं जातीस ह्या वयात. बस." मागच्या सीटवर प्लास्टिकची फाइल होती. त्यात दाखला. कापडाची गुंडाळीही होती.

मला हे काही बरं दिसेना. काल ज्या माणसानं माझं आधारकार्ड तपासलं, तो आज आपणहून गाडी आणि कागद घेऊन येतो? वाटेत कुठे फाइल हरवली म्हणजे प्रश्नच मिटला. मी फाइल माझ्या बाजूला सरकवली. त्यानं आरशातनं बघितलं. बाहेर ऊस भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चालले होते. गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली की आमच्या गाडीतली शांतता त्यामुळे अजून जाणवायची.

कराडात तो चहाला थांबला. मी हिराबाईला बाकड्यावर बसवून वळते तो अशोक आणि फाइल दोन्ही गायब. मी टाचेचं दुखणं विसरून पळाले. दोन दुकानं सोडून एका झेरॉक्सच्या गल्ल्यापाशी तो पाठमोरा उभा होता. मी मागून जाऊन फाइलवर हातच ठेवला.

"काय करताय?"

"झेरॉक्स काढतोय," तो म्हणाला. कान लाल झाले होते.

"कशाला?"

त्यानं पैसे दिले, प्रत घडी करून खिशात घातली आणि मूळ कागद फाइलमध्ये परत ठेवला. मूळच आहे ना, हे मी गाडीत बसल्यावर कागद उजेडात धरून, घड्या चाचपून बघितलं. मूळच होता.

शिराळा

पेठ नाक्यावरून आत वळलं की डोळ्यांना गारवा लागतो. शिराळा म्हटलं की सगळे नागपंचमीचं विचारतात. आम्ही मात्र पुढे वारणेच्या अंगाला गेलो, जिथे भाताची कापलेली खाचरं आणि ऊस सोडून दुसरं काही नव्हतं. हिराबाई काचेतनं बघत होती. "एवढं पानी," ती एकदा म्हणाली, नुसत्या एका पाटाकडे बघून.

शंकर जाधव गुरुजी कौलारू घराच्या पडवीत पेपर वाचत होते. चौऱ्याहत्तरचे, इस्त्रीचा पांढरा सदरा, बेताच्या उंचीचे. मी मंडळाचं नाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. मागे उभी माणसं माणदेशातली आहेत, विरकर आहेत असं सांगितल्यावर बंद झाला.

"विरकर." त्यांनी पेपरची घडी घातली. "अण्णा नाव घ्यायचे. तो कागद तुमच्याकडे आहे तर. तुम्हाला मिळाला, का तुम्ही घेतला?"

"आमी कशाला घेतोय?" अशोक पुढे झाला.

"मग आमच्या घरात का नाही? माझ्या बापाला गाव इराणी गणपा म्हणायचं. चेष्टेनं. फोटो दाखवला तर म्हणायचे जत्रेतल्या स्टुडिओतला आहे. मी शाळेत जायचो तर पोरं विचारायची, आज तुझ्या बापानं किती मैल रूळ टाकले?" त्यांचा आवाज शिक्षकाचा होता, पण हात पेपरची घडी पुन्हा पुन्हा दाबत होते. आम्हाला त्यांनी बसा म्हटलं नव्हतं.

मला एकच प्रश्न विचारायचा होता आणि तो आधी विचारायचा होता. "गुरुजी, मला तुमच्या वडिलांच्या अंगावरच्या खुणा सांगा. कागदात बघून मग नको. आत्ता."

ते चिडले. "तुम्ही माझी परीक्षा घेताय?"

"हो."

आतून त्यांची पत्नी आली होती. त्याच म्हणाल्या, "सांगा की. मामंजींची करंगळी."

"उजव्या करंगळीचं टोक नव्हतं," गुरुजी म्हणाले. "अण्णा म्हणायचे, दोन रुळांच्या सांध्यात चेंगरली. आई म्हणायची, काही नाही, उसाच्या चरकात गेली. आम्ही आईचं खरं धरलं." त्यांनी बोट कपाळाकडे नेलं. "आणि इथे, भुवईवर, वण होता. डाव्या."

अशोकनं फाइल उघडली. दाखला बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी गुरुजींच्या पुढे धरला, देवळात ताट धरतात तसा. मग कापडाची गुंडाळी कागदावर ठेवली. "मूळ हाय," तो म्हणाला. "माझ्याकडं झेरॉक्स हाय. तेवढी पुरं."

गुरुजी इंग्रजी वाचत होते. ओठ हलत होते. खालच्या बारीक ओळींपाशी त्यांचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. मग ते म्हणाले, "माझ्या थोरल्या लेकीला बघायला पाहुणे आले होते. अण्णांनी पुन्हा इराणचं काढलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, अण्णा, बास करा आता त्या थापा. त्यानंतर ते दहा-बारा वर्षं जगले. परत कधी त्या विषयाचा शब्द काढला नाही."

त्यांच्या पत्नीनं आम्हाला आत घेतलं.

फलकावर पुढे काय लिहिलं ते इथेच सांगून टाकते. कदम म्हणाले, दाखल्यावर जे नाव तेच लागणार, आपण सरकारी कागदाच्या वर नाही. मी म्हणाले, मग माझं नाव मंडळातून काढा. दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी ओळ अशी लागली: 'गणपत जाधव, सिदू बिरा विरकर या नावाने'. वाडीतली कमान अजून आहे तशीच आहे. अशोक म्हणतो, गावसभेत मांडतो. त्याला वेळ लागेल, आणि तोपर्यंत मी वाडीचं नाव लिहिणार नाही, असं त्याला कबूल केलंय.

तर शिराळ्याच्या त्या दुपारी जेवायला पावट्याची आमटी आणि नव्या तांदळाचा भात होता. हिराबाईनं भात आधी थोडासाच घेतला. तिच्याकडे तो सणाला होतो. मग गुरुजींच्या पत्नीनं न विचारता वाढला, हिराबाईनंही न बोलता खाल्ला. गुरुजी आता मोकळे झाले होते. सांगत होते की अण्णा परत आल्यावर वर्षभर कोणी गणपत म्हणून हाक मारली तर वळून बघायचे नाहीत. चार वर्षं त्यांना सगळे सिदू म्हणत होते. आई शेवटी शेतात जाऊन सिदू म्हणून हाक मारायची, मग ते यायचे. सगळे हसले. अशोकसुद्धा.

हिराबाई हसली नाही. तिनं ताट बाजूला सारलं.

"गुरुजी, तुमचा बा कदी माझ्या आईचं काई बोललावता का?"

"तुमच्या आईचं?"

"सगुणा. त्यानं कागद दिला तवा मी दुडूदुडू पळत व्हते. त्यानं बघितलं असंल मला. गाव काय म्हनतंय त्ये ऐकलं असंल. त्याला तर म्हाईत व्हतं, माझा बा कुठं व्हता त्ये. दोन मानसांना म्हाईत व्हतं. एक बोलला न्हाई. दुसरा बोलला का?"

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. मग पत्नीकडे बघितलं. त्या खाली बघून भाताचं पातेलं झाकत होत्या. त्यांचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता, आणि हात काय सांगतात ते मला कळतं. मोजून तीन-चार श्वास गेले.

"बोलले होते," गुरुजी म्हणाले. "म्हणायचे, मी लढाई बघितली, पण त्या बाईनं माझ्यापायी जे सोसलं ते मला झेपलं नसतं. सिदूची बायको धुतल्या तांदळासारखी आहे, असं म्हणायचे."

हे त्यांनी ऐकलं होतं की त्या तीन-चार श्वासांत जुळवलं होतं, मला माहीत नाही. तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

हिराबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. अशोककडे हात करून ती म्हणाली, "ह्याच्या देखत परत म्हना."

गुरुजी उठून अशोकच्या समोर जाऊन बसले, आणि या वेळी कुठेही न अडखळता त्यांनी ते सगळं पुन्हा म्हटलं.